झोपाळ्याच्या कडीला अंबाडीचा दोर

आमच्या घरात पैसा आला आणि सगळ्यात आधी त्यानं मला बसवलं.

बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली, सुभद्रेच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, दंडात वाकी आली आणि माझ्यासाठी झोपाळा आला. माझ्या लेकानं, पुंजारामानं, तो अमरावतीला राजापेठेतल्या सुताराकडून घडवून घेतला होता. सागाची फळी, पितळी साखळ्या, साखळ्यांवर मोर. ओसरीच्या आढ्याला लोखंडी कड्या ठोकल्या, फळी टांगली आणि चार लोकांसमोर मला म्हणाला, "माय, लय केलंस. आता इथी बस. हातात माळ घे अन् हुकूम सोड. साऱ्या भातकुलीत कोण्या बुढीले असा झोपाळा नाई."

मी बसले. फळी हलली आणि मी दोन्ही हातांनी साखळ्या घट्ट धरल्या. जन्मभर जमिनीवर उकिडवी बसलेली बाई मी. मला अधांतरी टांगून हे लेकरू म्हणत होतं की हा मान आहे.

ती कापसाची वर्षं होती. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी गोऱ्या लोकांची आपसात जुंपली होती म्हणे. तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला देवाचं मोल आलं. मग लोकांना सुचायचं बंद झालं. ज्वारी मोडून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली, तुरीच्या ओळींचे तास मोडून पऱ्हाटी लावली, उकिरडा सारून तिथेही सरकी टोचली. एकानं तर मारुतीच्या पाराभोवती लावली. मारुती काही बोलला नाही, म्हणून मीही बोलले नाही.

आणि घरोघरची म्हातारी माणसं शोभेची झाली. आधी बुढी सकाळी गोठ्यात असायची, दुपारी हाताच्या रेच्यावर कापसातली सरकी काढायला आणि संध्याकाळी चुलीपुढे. त्याची कोणाला लाज नव्हती, कारण लाज परवडत नव्हती. आता बुढा वावरात दिसला की लोक विचारायचे, "काहून गा, लेकाकडे गडी नाई काय?" मग लेक घरी येऊन बापावर खेकसायचा. आमच्या शेजारच्या नत्थुजीचं तेच झालं. डोळ्यांवर पडदा आलेला, तरी पायांच्या आवाजावरून कोणाचा बैल गेला ते सांगणारा माणूस तो. त्याला लेकानं नवं घोंगडं दिलं आणि पारावर नेऊन ठेवलं. देव ठेवतात तसा, फक्त शेंदूर लावायचा राहिला.

जयवंता माझ्याच साली या गावात सून म्हणून आलेली. तिच्या घरी रांधायला बाई ठेवली आणि जयवंतेला चुलीपासून उठवलं. चुलीपासून उठवलेली बाई कुठे बसणार? ती भिंतीला टेकून बसायची आणि दिवसभर विचारायची, जेवणं झाली काय. झालेली असायची.

लोक म्हणायचे, वय झालं, थकल्या आता. मला ते पटत नव्हतं. माणूस म्हातारं झालं म्हणून बसत नाही. बसवतात म्हणून म्हातारं होतं. पण हे म्हणायचं कोणाला? सगळ्यांचे कान कापसानं भरलेले.

आमच्यात घरच्या बाईला चोळीबांगडीसाठी म्हणून जमिनीचा एक तुकडा लावून देतात. माझ्या सासऱ्यानं मला दिलेला तुकडा पेढी नदीच्या काठी आहे. त्यात काय पेरायचं हे माझ्या नवऱ्यानं जिवंतपणी कधी विचारलं नाही. मृगाच्या तोंडावर पुंजारामानं विचारलं. विचारलं कसलं, सांगितलंच.

"माय, औंदा अंबाडी नाई लावाची. कुठीच नाई. तितक्या जागेत पऱ्हाटीचे तास बसतेत."

"मंग भाजी कायची खाशीन?"

"भाजी इकत आणू."

"अन् दोर?"

"दोर बी इकत आणू. आता सारंच इकत भेटते, माय."

"माय भेटते काय पाह्य इकत. भेटली तं बिनतोंडाची आण."

सुभद्रा पदराआड हसली. माझ्यावर हसली की त्याच्यावर, ते मी विचारलं नाही. सुनेचं हसू ज्या बाजूला पडेल त्या बाजूनं घ्यावं.

अंबाडी म्हणजे आमच्याकडे घरचं झाड. पाला भाजीला, लाल बोंडं चटणीला आणि ताटं पाण्यात सडवली की सालीचा वाख निघतो, त्याचे दोर. बैलाच्या दाव्यापासून विहिरीच्या दोरापर्यंत सगळं त्यातून. म्हणून आमचे वाडवडील पऱ्हाटी पेरताना अधूनमधून आणि धुऱ्याच्या, बांधाच्या, कडेनं अंबाडीचा तास धरायचे. त्या वर्षी सगळ्या गावानं तो तास सोडला. मी माझ्या तुकड्यात मात्र दुसरं काही पेरलंच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत अंबाडी. गाव म्हणालं, मनकर्णाबाईनं सोनं पिकायच्या जागी भाजी लावली. मी म्हटलं, भाजीला तरी याल ना माझ्या दारी.

पऱ्हाटी अशी आली की वेचणाऱ्या बायांच्या ओट्या पुरेनात. घरं भरली, गोठे भरले, माणसं अंगणात निजायला लागली. रेचे रात्रंदिवस करकरायला लागले. आणि मग एके सकाळी गावाच्या लक्षात आलं, की रुई तर निघाली, पण तिचे बोजे बांधायचे कशानं? गाडीवर आवळायचे कशानं? दोर नाही. जुने दोर जुन्या कापसापुरते होते आणि नव्या दोराचा तास कोणी धरलाच नव्हता. एका शहाण्यानं आपल्या धोतरानं बोजा बांधला आणि दिवसभर घराबाहेर पडला नाही. जो तो अमरावतीला पळाला, तर तिथे अर्धं वऱ्हाड दोरासाठी उभं.

पुंजारामही निघायच्या तयारीत होता, तेव्हा त्याला वास आला.

"माय, हा वास कायचा?"

"नदीकडून येऊन राहिला."

"नदीत काय मेलं?"

"मेलं नाई. माझी अंबाडी सडून राहिली."

अंबाडी मी कार्तिकातच कापून, पेंढ्या बांधून, वर धोंडे ठेवून पेढीच्या डोहात बुडवली होती. पुंजाराम तांबडा झाला. आता गावात त्याचा शब्द चालत होता. साऱ्या गावाच्या गाड्या त्याच्या मागं अकोल्याला जाणार होत्या, तिथल्या व्यापाऱ्याला होळीआधी माल द्यायचं त्यानं कबूल केलं होतं.

"लोकं काय म्हणतीन माहीत हाये काय? पुंजाराम बैलाले चांदी घालते अन् मायले दोर वळायले लावते."

"म्हणतीन तं म्हणू दे. चांदीनं बोजा बांधता येत नाई, हे बी म्हणतीन."

"माय, तू झोपाळ्यावरून उठू नोको. माही आण हाये तुले."

पोटच्या पोरानं घातलेली आण मोडता येत नाही. मी म्हटलं, "नाई उठणार." आणि तो अमरावतीला गेला.

मी उठले नाही. झोपाळ्यावर बसल्या बसल्या वर पाहिलं, तर आढ्याला त्या लोखंडी कड्या. सुतारानं मला टांगायला ठोकलेल्या, हत्तीनं ओढल्या तरी न निघणाऱ्या. आणि दोर वळायला पहिली गरज कशाची असते? पेड अडकवायला एका पक्क्या कडीची. मी सुभद्रेला हाक मारली.

"एका बाजूची साखळी कडीतून काढ, अन् फळीचं थे टोक उतरंडीच्या घडवंचीवर टेकव."

"आत्याबाई, तुमचे लेक मले बोलतीन."

"बोलला तं माझ्याकडे पाठवजो. मी कुठी जाऊन राहिली? मी तं बसून हाओ."

तिनं साखळी काढली. हाताला लागलं तरी घडवंची ओढून आणलीच. तेव्हापासून ती माझी झाली.

मग मी तिला नत्थुजीकडे पाठवलं. तोवर चार दिवसांत गड्यांनी डोहातल्या पेंढ्या काढून, साल सोलून, धुऊन, वाळवून वाख आणला होता. पण वाख म्हणजे दोर नव्हे. तो वळायला जुने हात लागतात. नत्थुजी काठी टेकत आला आणि ओसरीच्या पायरीवरच थांबला.

"मले दिसत नाई, मनकर्णाबाई."

"दोर डोळ्यानं वळतेत काय?"

"लेक रागावते."

"त्याले सांगजो, मी मनकर्णाच्या झोपाळ्याले झोका द्यायले जातो."

"मंग तं अजूनच रागावीन," नत्थुजी म्हणाला आणि कित्येक महिन्यांनी हसला. त्याच्या हातात मी वाखाची लड दिली. त्यानं ती नाकाशी नेली, बोटांवर घासली. "बरी सडली," म्हणाला, आणि मांडीवर पेड काढायला लागला. पारावर ठेवलेला देव माझ्या ओसरीत माणूस झाला.

जयवंता येईना. हात थरथरतात म्हणाली. मी सुभद्रेला पुन्हा निरोप देऊन पाठवलं: दोर तर वळतो आहोत, पण टोकं उकलतात, आणि टोकाची गाठ या गावात तुझ्याशिवाय कोणाला येत नाही. हे मी तिला खूश करायला म्हटलं नव्हतं, तसंच होतं. जयवंता सुभद्रेच्या आधी माझ्या दारात पोहोचली. तिचे हात खरंच थरथरत होते. गाठ मारताना मात्र थांबायचे.

मग एकेक करत येतच गेले. कोणी माझ्याकडच्या तंबाखूसाठी आलं, कोणी सुनेच्या नजरेतून सुटायला, कोणी नुसतं माझ्या ओसरीत ऊन बरं येतं म्हणून. मी कोणाला कारण विचारलं नाही. हातात वाख दिला की कारण आपोआप बदलतं. ज्यांचे गुडघे गेले त्यांनी बसून पेड काढायचे. ज्यांची बोटं गेली त्यांनी मागं मागं सरकत पीळ द्यायचा. ज्यांचं दोन्ही गेलं त्यांनी बोलायचं, कारण मुकाट्यानं दोर वळला की झोप येते. आणि दुपारी झोप आलीच तर तिथंच आडवं व्हायचं. कोणी कोणाला उठवायचं नाही. जवान माणसाला काम दिवसाच्या मापानं द्यावं, म्हाताऱ्याला त्याच्या दमाच्या मापानं. मग तो किती करतो पाहा.

भांडणंही झाली. नत्थुजी दुसऱ्याच्या पेडावर हात फिरवून म्हणायचा, "हा कोणाचा? ढिला हाये, मालकासारखा." पण त्याची बोटं चुकत नव्हती. प्रत्येकाचा पीळ वेगळा असतो. रागीट माणसाचा घट्ट, रडव्याचा ओला, आणि माझा, तो म्हणायचा, डोळे मिटून सांगतो, कारण त्याला हात लावला की खरचटतं.

दोरासाठी पंधरवडाभर ताटकळून अमरावतीहून पुंजाराम परतला तो गाडीभर दोर घेऊन. पांढरा, गुळगुळीत, बाजारचा. ओसरीत पाय टाकला आणि थबकला. समोर गावातले सगळे म्हातारे, कडीला ताणलेला तिपेडी दोर, आणि मी झोपाळ्याच्या फळीवर.

"माय."

"उठली नाई, पाह्य. तुही आण मोडली नाई."

 जयवंतेनं हातातली गाठ अर्धी सोडून पदर सावरला. पुन्हा भिंतीकडे जायची तयारी तिच्या डोळ्यांत मला दिसली.

"या साऱ्याइले घरी पाठव," पुंजाराम म्हणाला. "दोर आणला मी. पाह्य कसा हाये."

नत्थुजीनं हात पुढं केला. पुंजारामानं दिला, उगाच दिला, खेळणं द्यावं तसा. नत्थुजीनं तो चोळला, वाकवला, दाताखाली धरला.

"घाईचा माल हाये. पुरा सडवला नाई, वरून चोपडा केला. उन्हात वाळला की मोडीन."

"बुढेबा, तुमाले दिसत नाई."

"मले दिसत नाई म्हणून तं मी फसलो नाई. तुले दिसते, तू फसला."

आता माझी पाळी होती. मी पुंजारामाला म्हटलं, "आपण दोघं पैज लावू. बजारचा दोर तुह्या गाड्याइवर घाल. ज्याइले दोर भेटला नाई, त्याइच्या गाड्या मागं राहतीन, त्याइवर आमचा घालू. माझा तुटला, तं मी जलमभर या फळीवर माळ घेऊन बसीन, अन् चोळीबांगडीचा तुकडा बी तू पऱ्हाटीत घाल. तुहा तुटला, तं झोपाळा तूच आपल्या हातानं उतरवजो, अन् हे ओसरी बुढ्याइची. लोकं काई बी म्हणो."

"अन् पाहणार कोण?"

"मी येईन गाडीवर. नत्थुजी बी येईन."

"त्याइले दिसत नाई."

"त्याइले ऐकू येईन."

पुंजाराम माझाच लेक. चार माणसांत मागं हटणं त्याला ठाऊक नाही. "माही आण सोडली. लागली पैज," म्हणाला. जयवंतेनं अर्धी सोडलेली गाठ पुन्हा हातात घेतली. मला तुकड्याची काळजी नव्हती, अंबाडी नसली तरी मी काही उपाशी मरणार नव्हते. पण मी हरले असते तर ही सगळी माणसं आपापल्या भिंतीशी परत गेली असती, आणि पुन्हा कोणाच्या हाकेला आली नसती.

माघात गाड्या निघाल्या. अकोल्याचा रस्ता म्हणजे तेव्हा धुळीची नदी. पुढेही कापूस, मागेही कापूस, बैलांच्या घंटा आणि गाडीवानांच्या शिव्या. आगगाडीचे रूळ अकोल्याकडे सरकत येत होते म्हणे, पण आमच्या नशिबी अजून चाकं लाकडाचीच होती. पुंजाराम सगळ्यांच्या पुढं, चांदीच्या शिंगांचे बैल जुंपून. मी मागच्या गाडीवर, कापसाच्या बोज्यांवर राणीसारखी. नत्थुजी माझ्या मागच्या गाडीवर, मांडीवर जाड चऱ्हाटाचं वेटोळं घेऊन. ते आम्ही सगळ्यांनी मिळून वळलं होतं, प्रत्येकाचा एकेक पेड. वेळप्रसंगाला असावं म्हणून मीच ते सोबत घेतलं होतं.

माझी गाडी हाकणारा सहदेव तोंडाळ होता. "मनकर्णामावशी, आगगाडी पाह्यले चालल्या काय?"

"नाई. तुह्या मालकाची जिरताना पाह्यले."

"अन् तुमचीच जिरली तं?"

"तं तू एकटाच पाहशीन, बाकीचे मले भिऊन डोळे मिटतीन."

उन्हानं दोर वाळत होते. वाटेत उतरलं की नत्थुजी गाड्यांच्या बाजूनं हात फिरवत चालायचा. आमच्या दोराला हात लावून पुढं जायचा. बाजारच्या दोराला हात लावला की थांबायचा, पण बोलायचा नाही. पैजेत बोलायचं नसतं.

काटेपूर्णेचा उतार आला. पाणी फार नव्हतं, बैलाच्या पोटाला लागेल इतकं. पण पलीकडचा चढ उभा, आणि हजार गाड्यांनी खणून खणून त्याची माती चिखल झालेली. पुंजारामाची पहिली गाडी पाण्यातून गेली, चढाला लागली. बैलांनी मान खाली घातली. गाडीचं तोंड वर झालं आणि सगळा भार मागं आला. दोर करकरला. नत्थुजीनं मागच्या गाडीवरून मान वळवली आणि म्हणाला, "गेला."

वाळकी काडी मोडावी तसा दोर मोडला. वरचे बोजे मागं घरंगळले, पाण्यात पडले आणि म्हशींसारखे बसले. उरलेला भार मागं सरकला आणि गाडी उलटी कलंडली, जोखडाखाली चांदीच्या शिंगांचे बैल अर्धे उचलले गेले. त्याच्यामागची गाडी उतारात होती, ती थांबवताना तिचाही दोर गेला. पाहता पाहता घाट तुंबला. पुंजाराम कमरेइतक्या पाण्यात चाकाला खांदा लावून उभा होता आणि गाडी हळूहळू त्याच्या अंगावर येत होती.

"दोर आणा," सहदेव ओरडला. "कोणापाशी जाड दोर हाये?"

दोर सगळ्यांपाशी होते. पण पुढच्यांचे बाजारचेच होते, आणि मागच्यांचे बोज्यांना आवळलेले.

पुंजारामानं वर पाहिलं. साऱ्या गाड्यांवरून त्याची नजर फिरली आणि माझ्यावर आली.

"माय."

"काय?"

"चऱ्हाट दे."

"कोणाचं?"

त्यानं एकदा ओठ चावला. "बुढ्याइचं."

त्याच्याकडून आणखी काही वदवून घेता आलं असतं, माझी जीभ काही बोथट नाही. पण पोटचा पोर चाकाखाली होता. मी सहदेवाला खुणावलं, नत्थुजीनं वेटोळं टाकलं, आणि सहदेवानं एक टोक कलंडलेल्या गाडीच्या साट्याच्या लाकडाला आणि दुसरं, मागच्या गाड्यांचे बैल सोडून वरच्या काठावर नेलेल्या दोन जोड्यांना बांधलं. नत्थुजीला धरून वर नेलं होतं. त्यानं ताणलेल्या चऱ्हाटावर हात ठेवला, वैद्य नाडीवर ठेवतो तसा.

बैल ओढायला लागले. चऱ्हाट ताणलं, त्यातून पाणी गळलं, ते बारीक झालं. लोक मागं सरकले. तुटलेला दोर माणसाचा डोळा काढतो.

"ओढा," नत्थुजी म्हणाला. "भिऊ नोका. अजून लय हाये यात."

"टोक सुटीन," कोणी तरी म्हणालं.

"टोकाले जयवंताची गाठ हाये. थे सुटत नसते. तिचा नवरा बी चाळीस वर्सं सुटला नाई."

सगळा घाट हसला आणि त्या हसण्यातच गाडी उभी राहिली, चिखलातून वर आली आणि काठावर जाऊन थांबली. पुंजाराम पाण्यातून बाहेर आला. त्याच्या अंगावर चिखल होता, चेहऱ्यावर नव्हता. त्यानं चऱ्हाट सोडलं, त्याचा एक धागाही निसटला नव्हता, आणि आपल्या डोक्याच्या रुमालानं ते पुसलं. दोर पुसतात का कुठे? पण मी पाहिलं नाही असं केलं.

मागच्या गाड्या, आमच्या दोराच्या, एकेक करून पार झाल्या. एकाही गाडीवरचा बोजा बोटभर हलला नाही. मग त्या चऱ्हाटानं दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या काढल्या, मूर्तिजापुराकडच्या, कारंज्याकडच्या, कुठल्या कुठल्या. गाडीवान रांग लावून आमच्या नत्थुजीला "बुढेबा, आता आमची" म्हणत होते, आणि ज्याला त्याच्या लेकानं पारावर ठेवलं होतं तो काठावर उभा राहून हुकूम सोडत होता. भिजलेली रुई आम्ही वाळूत पसरून वाळवली. बरीचशी वाचली. पुंजारामाचं बोलणंही तिथं वाळून सरळ झालं असावं, कारण अकोल्यापर्यंत तो माझ्या गाडीच्या बाजूनं चालत आला आणि एकदाही म्हणाला नाही की, माय, बस.

अकोल्यात व्यापाऱ्याच्या आवारात गाड्या लागल्या. बाकीच्यांचे बोजे कसेतरी गाठोड्यांसारखे आले होते, आमच्या मागच्या गाड्यांचे मात्र बांधले तसेच आवळलेले. व्यापाऱ्याचा माणूस दोराला हात लावून विचारू लागला, हा कुठला? मी तोंड उघडणार तोच पुंजाराम बोलला.

"आमच्या मायचा हाये. अन् गावातल्या बुढ्याइचा."

त्याभोवती गाडीवाले जमले. आम्हाला द्या, आम्हाला वळून द्या, पुढच्या खेपेला लागतो. पुंजारामानं माझ्याकडे बोट केलं. "तिले इचारा. देते का नाई थे तिचं तिले ठाऊक."

"देईन," मी म्हटलं, "पण आमच्या येळेनं. दुपारी माझे कामकरी निजतेत. त्याइले कोणी उठवलेलं मले चालत नाई."

भातकुलीला परतलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचलेली होती. सुभद्रेनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्यावरून आणि नत्थुजीवरून, आणि मग थोडं थांबून नवऱ्यावरूनही. पुंजारामानं शिडी मागवली. स्वतः चढला आणि राहिलेली साखळी कडीतून काढली. फळी खाली आली तेव्हा जयवंता म्हणाली, "आता बसायचं कुठी, मनकर्णे?" मी म्हटलं, "जमिनीवर. तिच्यासारखी पक्की बैठक नाई."

कड्या मात्र तशाच ठेवल्या, दोन्ही, दोराला. फळीवर आता आम्ही वाख झोडतो. आणि पितळी साखळ्या कासाराला देऊन पुंजारामानं पाण्याचा मोठा गुंड आणला, म्हाताऱ्यांसाठी ओसरीत ठेवला. त्यावर मोर नाहीत, पण पाणी गार असतं. नत्थुजीचा लेक एकदा येऊन खालमानेनं म्हणाला, "मावशी, बुढ्याले सांजच्याले घरी पाठवत जा, जेवाले थांबतो आमी." पूर्वी ते त्याच्याविना जेवायचे. जयवंतेला आता जेवणं झाली काय विचारायला सवड नसते; घरचेच तिला बोलवायला येतात आणि ती म्हणते, थांबा, गाठ होऊ द्या.

पुढच्या मृगात पुंजाराम तिफण काढताना माझ्याजवळ आला. "माय, अंबाडीचे तास कुठी कुठी धरू?"

"धुऱ्याधुऱ्यानं. तुह्या आज्यानं धरले तसे."

"अन् तुह्या तुकड्यात?"

"थे माझं मी पाहीन. तुले कोणी इचारलं?"

तो हसला. एका दुपारी मग वावरातून थकून आला, ओसरीच्या पायरीशी उभा राहिला, आमच्याकडे पाहत. "बसाले जागा हाये काय, माय?"

"हाये. रिकाम्या हाताले नाई."

मी त्याला वाखाची लड दिली. तो उकिडवा बसला आणि मांडीवर पेड काढायला लागला, लहानपणी शिकवला होता तसा, अर्धा विसरलेला. नत्थुजीचा हात सवयीनं सगळ्यांच्या पेडांवरून फिरत फिरत त्याच्यापाशी आला आणि थांबला.

"हा कोणाचा? ढिला हाये."

"शिकीन," मी म्हटलं. "अजून म्हातारा व्हायचं हाये त्याले."